रेघ रंगाची की धातूची? सायकलच्या फ्रेमवर तीन डब्यांचं डाय पेनिट्रंट किट वापरून पाहिलं

हे किट मी मागवलं ते एका रेघेमुळे. माझी ॲल्युमिनियम फ्रेमची सायकल, नऊ वर्षं जुनी, जवळजवळ रोजची, आणि तिच्यातून महिनाभर एक टक-टक आवाज येत होता, बसून चालवताना नाही, उभं राहून जोर लावला की. जो तो म्हणे बीबी बघ, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो तो बेअरिंगचा भाग. बीबी काढून साफ करून ग्रीस लावून परत बसवला, पेडलच्या आट्यांना ग्रीस लावलं, सीटपोस्ट काढून पुसला, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) उघडला, आवाज तिथेच. शेवटी सायकल उलटी करून धुवायला घेतली तेव्हा डाऊन ट्यूबच्या (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) पोटाकडे, हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीच्या) वेल्डिंगला अगदी चिकटून, केसाएवढी काळी रेघ दिसली. फडक्याने पुसली, गेली. दुसऱ्या दिवशी चालवून आलो तर परत तिथेच, तशीच.

आता दोन मित्रांना दाखवली. एक म्हणाला अरे रंग तडकलाय, एवढ्या जुन्या सायकलला एवढं व्हायचंच, चालव बिनधास्त. दुसरा म्हणाला आजपासून हिच्यावर बसायचं नाही. दोघंही वर्षानुवर्षं सायकल चालवणारे, दोघंही तीच रेघ बघून बोलत होते. मी भिंग घेतलं, टॉर्च आडवा धरून पाहिलं, नख फिरवून पाहिलं. नख अडकत होतं, पण नख रंगाच्या पोपड्याच्या कडेलाही अडकतं, त्यावरून काही ठरत नाही. तेवढ्यात माझा मावसभाऊ, जो फॅब्रिकेशनच्या कामात आहे, त्याला फोन केला तर तो सहज म्हणाला, "दादा, वाद कसला घालताय, डीपी मारा की." त्यांच्याकडे टाकीचा किंवा पाइपचा जोड वेल्ड केला की डीपी मारणं हे रोजचं काम. सायकलवर ते कुणी करेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

तर डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट. किटमध्ये तीन स्प्रेचे डबे असतात, क्लीनर, लाल रंगाचं पेनिट्रंट आणि पांढरं डेव्हलपर. तत्त्व एकदम साधं. पातळ लाल द्रव तड्यात स्वतःहून ओढला जातो, दिव्याची वात जशी तेल वर ओढते तसा. वरवरचा लाल रंग पुसून टाकायचा, तड्याच्या आतला तसाच राहतो. मग वरून खडूसारखी पांढरी पावडर मारायची, ती आतला लाल रंग टीपकागदासारखी बाहेर शोषून घेते, आणि जी फट डोळ्याला दिसत नव्हती ती पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटते. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फार पूर्वीपासून याचंच जुनं रूप चालायचं, सुटे भाग तेलात बुडवून, पुसून, वर खडूची पूड लावायचे आणि तेल कुठे पाझरतंय ते बघायचे. आजचे डबे म्हणजे त्याचीच सुधारलेली आवृत्ती.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि तसंही हे तीन डबे कुठल्याही चांगल्या कंपनीचे घेतले तरी कामाची पद्धत तीच. फक्त तिन्ही डबे एकाच कंपनीचे, एकाच किटमधले घ्या, एकाचं पेनिट्रंट आणि दुसऱ्याचं डेव्हलपर असं करू नका.

वापरण्याआधी एक गोष्ट समजून घेतली तर किटचा उपयोग दुप्पट होतो, ती म्हणजे तडा कशामुळे पडतो आणि कुठे पडतो. कारण अख्ख्या फ्रेमवर डीपी मारत बसणं शक्य नाही, रंग काढावा लागतो, म्हणजे कुठे शोधायचं ते आधी माहीत हवं.

तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही, पण मागे-पुढे, मागे-पुढे वाकवत राहिलं की तुटते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. धातूचं थकणं, इंजिनिअरांच्या भाषेत फटीग, म्हणजे त्याच जातीची गोष्ट, फक्त खूप कमी ताणावर आणि खूप जास्त वेळा. मिनिटाला ८० पेडल धरा, तासाला ४८०० फेरे. वर्षाला ३०० तास चालवली तर १४ लाख ४० हजार फेरे. प्रत्येक फेऱ्यात फ्रेम एकदा उजव्या पायाखाली आणि एकदा डाव्या पायाखाली पिळली जाते, शिवाय रस्त्याचे हादरे वेगळे. एकाही फेऱ्याचा ताण धातू वाकेल इतका नसतो, तरी कुठेतरी एखाद्या कोपऱ्यात, खाचेत, वेल्डिंगच्या कडेला ताण एकवटतो आणि तिथे धातूच्या कणांचे थर एकमेकांवर अगदी सूक्ष्म घसरायला लागतात, त्यातून चीर जन्मते आणि ती प्रत्येक फेऱ्याला किंचित किंचित पुढे सरकते. हे पहिल्यांदा पद्धतशीर मोजलं ते ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने, १८५० ते १८७० च्या दरम्यान, रेल्वेच्या आसांवर. त्याआधी १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भयंकर अपघात झाला होता आणि तेव्हा लोकांची समजूत अशी होती की हादऱ्यांनी लोखंड जुनं होऊन "स्फटिकासारखं" होतं. अजूनही काही मेकॅनिक म्हणतात की ॲल्युमिनियम जुनं झालं की ठिसूळ होतं. तसं नसतं. धातू पहिल्या दिवसापासून स्फटिकांचाच बनलेला असतो, नऊ वर्षांनी बाकीचा धातू होता तसाच असतो, फक्त एका ठिकाणी तडा वाढत असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तडा शोधता येतो, "जुनेपणा" शोधता येत नाही.

आता स्टील की ॲल्युमिनियम हा वाद. किती ताणाला धातू किती फेरे टिकतो हे दाखवणाऱ्या व्योलरच्या आलेखात स्टीलची रेषा एका ताणाखाली आडवी होते, म्हणजे त्याहून कमी ताण कितीही वेळा दिला तरी तडा सुरूच होत नाही. ॲल्युमिनियमची रेषा तशी आडवी होत नाही, हळूहळू उतरतच राहते. सायकलमध्ये खूप वापरल्या जाणाऱ्या ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमची ताणून तुटायची ताकद साधारण ३१० मेगापास्कल, पण ५० कोटी फेऱ्यांना टिकेल असा ताण जेमतेम ९५ ते १०० च्या घरात, आणि तोही गुळगुळीत नमुन्यावर, वेल्डिंगच्या जोडावर नाही. एवढं ऐकून लोक निष्कर्ष काढतात की ॲल्युमिनियमची फ्रेम मरणारच आणि स्टीलची अमर. मला हे पटत नाही आणि पुरावाही तसा नाही. डिझाइन करणाऱ्याला ही रेषा माहीत असते, म्हणून तो नळीचा व्यास मोठा घेतो. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की वाकण्याचा ताण साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेम्स अशा गरगरीत दिसतात. १९९७ साली एका जर्मन सायकल मासिकाने रेसिंग फ्रेम्स मशीनवर लावून पेडल मारल्यासारखा भार देत राहून तपासल्या होत्या, त्यात शेवटपर्यंत न तडकलेल्या फ्रेम्स ॲल्युमिनियमच्या आणि कार्बनच्या निघाल्या, स्टीलच्या आणि टायटॅनियमच्या तडकल्या. म्हणजे धातूच्या नावापेक्षा नळी कशी, जोड कसा, वेल्डिंग कुणी केलं यावर जास्त अवलंबून आहे. आयएसओ ४२१० या सायकलींच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकातही फ्रेम कशाचीही असो, पेडलवर १००० न्यूटनच्या आसपासचा भार १ लाख वेळा देऊन ती तडकत नाही ना हे बघतात.

फरक पडतो तो तडा पडल्यानंतर. स्टीलची नळी बहुतेक वेळा बरीच सूचना देऊन जाते, रंगाखाली गंजाची तांबूस रेघ दिसते, फ्रेम ढिली वाटायला लागते, सायकल अंगाखाली वेगळीच वागते. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, सूचना कमी असते आणि शेवटचा टप्पा पटकन होतो. म्हणून ॲल्युमिनियमवाल्यांनी बघत राहायला हवं, घाबरायला नको.

कुठे बघायचं ते सांगतो, कारण किटच्या कागदावर हे नसतं, तो कागद टाक्यांसाठी लिहिलेला आहे. डाऊन ट्यूब हेड ट्यूबला मिळते तिथे खालून, ही पहिली जागा, पुढचं चाक खड्ड्यात गेलं की फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मागे रेटला जातो आणि सगळा ताण इथे येतो. तिथे जोडपट्टी असेल तर पट्टी जिथे संपते ते टोक. मग बीबीजवळचा चेनच्या बाजूचा चेन स्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी), मागचे ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचा), सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) वरच्या टोकाची कापलेली खाच, बाटलीच्या स्टँडची भोकं. सीटपोस्ट त्यावरच्या किमान आत राहायच्या खुणेपेक्षा वर ओढून चालवत असाल तर टॉप ट्यूबच्या (वरच्या आडव्या नळीच्या) जोडाजवळ नक्की बघा. आणि फ्रेमपेक्षाही जास्त लक्ष द्यायच्या जागा म्हणजे हँडल जिथे स्टेममध्ये (हँडल धरणाऱ्या तुकड्यात) आवळलं जातं ती कड, फोर्कच्या दांड्याचा खालचा भाग, आणि क्रँकला (पेडलच्या दांड्याला) पेडल जिथे बसतं त्या भोकाची कड. फ्रेम तडकली तर बऱ्याचदा वेळ मिळतो, हँडल तुटलं तर मिळत नाही. सगळीकडे एकच खूण लक्षात ठेवा, वेल्डिंगची कड. मण्यांसारखं दिसणारं वेल्डिंग जिथे संपून साधी नळी सुरू होते ती रेषा, तडा बहुतेक तिथेच आणि नळीला आडवा. नळीच्या लांबीला समांतर उभा ओरखडा दिसला तर तो बहुतेक वेळा नुसता ओरखडाच असतो.

आता प्रत्यक्ष वापर. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथेच बहुतेक लोक चुकतील असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंग काढावा लागतो, त्याला पर्याय नाही. रंगावर डीपी मारली तर रंगाचा तडा दिसेल, धातूचा नाही. मी आधी पॉलिश पेपर हातात घेतला होता आणि भावाने फोनवरच थांबवलं. ॲल्युमिनियम मऊ असतं, पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश जोरात घासला की वरचा धातू लिंपल्यासारखा पसरतो आणि तड्याचं तोंड बुजून जातं, मग पेनिट्रंट आत जाणारच नाही आणि तुम्ही निवांत होऊन ती सायकल चालवत सुटाल. म्हणून पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगू द्या, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. मला सिगारेटच्या पाकिटाएवढी जागा मोकळी करायला दोनदा रिमूव्हर लावावा लागला. हातमोजे हवेतच, हवा खेळती हवी, आणि तिन्ही डब्यांतलं द्रव पेट घेणारं असतं त्यामुळे आसपास शेगडी, ठिणगी काही नको.

मग क्लीनर मारून पुसलं, पुन्हा मारून पुसलं, आणि दहा मिनिटं सुकू दिलं. तड्यात आधीच पाणी किंवा तेल भरलेलं असेल तर लाल रंगाला आत जागाच मिळत नाही, म्हणून सायकल आदल्या दिवशी धुतली असेल तर चांगली वाळू द्या. मग पेनिट्रंट. कागदावर १० ते ३० मिनिटं थांबा असं असतं, मी २० थांबलो. फार थंडी असेल तर द्रव आत जायला जास्त वेळ घेतो, आणि उन्हात तापलेल्या फ्रेमवर मारू नका, सुकून जातं.

पुसणं ही खरी कला. आधी कोरड्या फडक्याने जेवढं निघेल तेवढं काढायचं, मग दुसऱ्या फडक्यावर, फडक्यावर बरं का, थोडा क्लीनर घेऊन पुसायचं. क्लीनर थेट फ्रेमवर मारायचा नाही, नाहीतर तड्यातला रंगही धुऊन निघतो. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं, थेट फवारा मारला, आणि डेव्हलपरवर काहीच उमटलं नाही, स्वच्छ पांढरं. पाच मिनिटं मला वाटलं सुटलो. मग कागद परत वाचला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

दुसऱ्या वेळेस डेव्हलपरचा डबा नीट हलवला, आतली गोळी खडखडेपर्यंत आणि त्यानंतरही अर्धा मिनिट, आणि एक फुटावरून हलका हात फिरवला. पातळ थर हवा, खालचा धातू किंचित जाणवेल इतका. ओला असताना पारदर्शक दिसतो, सुकता सुकता पांढरा होत जातो, चुना सुकतो तसा. आणि मी वाकून बघत असतानाच वेल्डिंगच्या कडेला एक लाल ठिपका आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग मधली जागा भरली. तीन-चार मिनिटांत एक सलग बारीक रेघ, किंचित नागमोडी, वेल्डिंगच्या कडेला धरून चाललेली आणि डाव्या टोकाला वेल्डिंग सोडून नळीत तिरकी उतरलेली. पट्टी लावून मोजली, २३ मिलिमीटर. रंगावर जी रेघ दिसत होती ती जेमतेम १० ची होती. म्हणजे अर्ध्याहून जास्त तडा रंगाखाली दडलेला होता आणि आवाज त्याचाच.

दहा मिनिटांनी ती रेघ पसरून जाड होते आणि मग लांबी-जाडीचा अंदाज चुकतो, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून बघत राहा, फोटो काढत राहा. वेल्डिंगच्या खवल्यांमध्येही थोडा लाल रंग अडकतो आणि गुलाबी झाक दिसते, तिला घाबरू नका, ती धूसर असते आणि खवल्यांच्या आकाराची असते, तडा धारदार रेघेचा असतो. शंका असेल तर तेवढा भाग क्लीनरच्या फडक्याने हलकासा पुसून परत डेव्हलपर मारा. तडा असेल तर तीच रेघ त्याच जागी पुन्हा येते, कारण आत साठा असतो. खवल्यातला रंग बहुतेक पुसूनच गेलेला असतो.

दोन्ही मित्रांना फोटो पाठवला. जो म्हणाला होता रंगच तडकलाय त्याने त्याच संध्याकाळी येऊन स्वतःच्या हँडलवर डीपी मारून घेतली.

किट घरात आहे म्हटल्यावर आणखी तीन ठिकाणी वापरलं. वडिलांची जुनी स्टीलची सायकल, तिच्या सीट ट्यूबजवळच्या जोडावर गंजाची रेघ होती आणि मला खात्री होती की ही पण गेली, तर काहीच निघालं नाही, दोनदा मारली, स्वच्छ. तो नुसता रंगाखाली पसरलेला वरवरचा गंज होता. घासून प्रायमर मारून रंग लावला, बाबा अजून चालवतात. ही बाजू पण लक्षात घ्या, किट फक्त वाईट बातमी देत नाही, एका चांगल्या फ्रेमला भंगारात जाण्यापासून वाचवलं. मित्राचं हँडल स्वच्छ निघालं. तिसरी वस्तू म्हणजे माझ्याच जुन्या ॲल्युमिनियमच्या क्रँकची डावी बाजू, काढून ठेवलेली, पेडलच्या भोकापाशी. तिथे एक ५ मिलिमीटरची रेघ निघाली. पेडलचा खांदा क्रँकच्या तोंडावर सतत सूक्ष्म घासत राहतो, ती घासलेली गोल खूण तिथे स्पष्ट दिसत होती आणि तडा तिच्याच कडेपासून निघाला होता. हा क्रँक मी भाच्याच्या सायकलला लावायला ठेवला होता. फेकायच्या आधी हातोडीने वाकवून निकामी केला म्हणजे कुणी उचलून लावायला नको.

कार्बनच्या फ्रेमवर हे किट वापरू नका. कार्बनमधलं नुकसान बऱ्याचदा आत, थर सुटण्याचं असतं, पृष्ठभागावर तोंडच नसतं, मग लाल रंग जाणार कुठे, शिवाय पेंट रिमूव्हरने कार्बनचे धागे धरून ठेवणाऱ्या राळेचं (रेझिनचं) नुकसान होऊ शकतं. तिथे नाण्याने टकटक करून आवाज कुठे बसका येतो ते ऐकणं ही पहिली पायरी, आणि खात्री करायची तर अल्ट्रासाउंडने तपासणाऱ्याकडे जाणं. टायटॅनियमवर चालतं. स्टीलसाठी चुंबकीय पावडरची पद्धतही आहे, पण ती ॲल्युमिनियम-टायटॅनियमवर चालत नाही कारण चुंबक त्यांना धरतच नाही. घरच्या कामाला सगळ्या धातूंना चालेल अशी पद्धत म्हणजे हीच.

आता तक्रारी. डेव्हलपरचा नॉझल खराब होता, दर तिसऱ्या फवाऱ्याला थुंकल्यासारखा जाड थेंब टाकायचा आणि जाड थराखाली बारीक रेघ झाकली जाते. मी आधी पुठ्ठ्यावर फवारा सुरू करून मग फ्रेमवर आणायला शिकलो, वापरून झाल्यावर डबा उलटा धरून नॉझल मोकळा केला, पण हे कंपनीने लिहायला हवं होतं. सूचनांचा कागद इतक्या बारीक अक्षरात की भिंग तड्यापेक्षा कागदासाठीच जास्त लागलं. आणि कागदावर "क्लीनर थेट मारू नका" हे वाक्य सातव्या मुद्द्यात दडलेलं, ते सगळ्यात वर, ठळक हवं, कारण ती एक चूक केली तर तडकलेली फ्रेम ठणठणीत दिसते. याबद्दल मी विक्रेत्याला लिहून कळवलं आहे. लाल रंग हाताला लागला तर दोन दिवस जात नाही, फरशीला लागला तर अजून जास्त, खाली जुनी वर्तमानपत्रं जाड अंथरा. वास उग्र आहे, बंद खोलीत अजिबात नको.

एक किट किती पुरतं? छोट्या छोट्या जागा असल्यामुळे पेनिट्रंट भरपूर उरतं, माझ्या सात-आठ चाचण्या होऊनही अर्ध्याहून जास्त आहे. क्लीनर सगळ्यात आधी संपतो, त्यामुळे त्याचा एक डबा जास्तीचा घ्या.

तडा निघाल्यावर पुढे काय, हे बऱ्याच जणांनी विचारलं. वेल्डिंग करून घ्या असं सांगणारे भेटतील. स्टीलच्या फ्रेमची नळी चांगला कारागीर बदलून देऊ शकतो, ते खरं काम आहे. पण ६०६१ ॲल्युमिनियमची ताकद ही उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, वेल्ड केलं की जोडाच्या आजूबाजूचा पट्टा मऊ पडतो आणि ती परत आणायला अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून, पाण्यात विझवून, मग पुन्हा कमी तापमानाला तासन्‌तास ठेवावी लागते. कारखान्यात हे होतं, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नाही. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायची युक्तीही सांगतात, विमानांच्या पत्र्यावर तात्पुरती करतात, पण तिथे त्यावर लक्ष ठेवणारी माणसं असतात. हेड ट्यूबच्या जोडाला मी ते करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही. वेल्डिंगच्या जोडांसाठी इंजिनिअर जो ढोबळ नियम धरतात त्यात ताण दुप्पट झाला की आयुष्य आठपट कमी होतं, आणि तडा जसा वाढतो तसा उरलेल्या धातूवरचा ताण वाढतच जातो. म्हणजे २३ मिलिमीटरला नऊ वर्षं लागली म्हणून पुढच्या २३ ला नऊ वर्षं लागतील असं नाही.

मी ती फ्रेम कापली. वरून करवतीने अर्धी नळी कापून मग दोन्ही हातांनी वाकवून तडा उघडला, कारण मला आत बघायचं होतं. तड्याचा जुना भाग काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर एकाच्या बाहेर एक अशा बारीक कमानी, ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर राहतात तशा. सगळ्या कमानींचा मध्य एकाच बिंदूत, वेल्डिंगच्या कडेला खाली बरोबर मध्यभागी, तिथे वेल्डिंगने नळीला एक बारीक खाच पाडली होती, टाचणीच्या डोक्याएवढी. तिथून सुरुवात. उरलेला, मी हाताने तोडलेला भाग मात्र चंदेरी, खरखरीत, रवाळ. लाल पेनिट्रंट काळ्या भागाच्या अगदी टोकापर्यंत पोचलं होतं, एक केसही कमी नाही. त्या एका गोष्टीने माझा या किटवरचा विश्वास बसला.

पाचपैकी चार तारे. एक तारा नॉझलसाठी आणि त्या कागदासाठी कापला. पाच जणांच्या ग्रुपने मिळून एक घेतलं तर उत्तम, कारण एकट्याला वर्षाकाठी दोनदा लागेल. दर महिन्याला धुताना टॉर्च आणि फडकं घेऊन वर सांगितलेल्या जागा बघणं हे किटशिवायही होतं आणि माझी रेघ त्यातच सापडली होती. किटने शोधून दिली नाही, किटने ती काय आहे हे सांगितलं. आणि स्वच्छ पांढरं निघालं याचा अर्थ एवढाच की आज, या जागेवर, पृष्ठभागापर्यंत आलेला तडा नाही. नळीच्या आतून सुरू झालेला असेल तर तो भिंत पार करून बाहेर येईपर्यंत हे दाखवणार नाही, त्यामुळे आवाज येतोय, पुसलेली रेघ परत येतेय, आणि डीपी स्वच्छ आहे असं झालं तर दोन आठवड्यांनी परत मारा आणि तोवर त्या सायकलवर उतारावरून वेगात जाऊ नका.